जखमेचा रंग

सोळा ऑगस्टला त्याचा सण,
म्हणजे नेमकी आमची मरणाची घाई.
तरी दरसाल जुलैअखेर क्लेमेंतीनबाई
क्वार्टर गेटपासून कुंभारवेशीपर्यंत चालत यायची,
चादरीत गुंडाळलेला संत कडेवर घेऊन,
आणि दारातूनच म्हणायची,
"एवढी मांडी रंगवून दे गं, कुंदा."

दीड हात उंच. सागाचा. नाव सां रोक.
अंगरखा वर धरून उभा, डाव्या मांडीवर गाठ,
पायाशी कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात भाकरी.
खरं तर पाव हवा.
पण प्लेगच्या साली पणजोबांनी तो पहिल्यांदा रंगवला,
आणि आजाऱ्यासाठी कुणी पाव नेतं
हे त्यांना पटलं नसावं.
लिंपून चपटा केला, वर करपल्याचे डाग दिले.
सव्वाशे वर्षांत कुणाची तक्रार नाही.

वहीत नोंद आहे, मोडीत, अण्णांनी वाचून दाखवलेली:
किरिस्तावांचा देव. गाठीस तांबडा. चार आणे. येणे बाकी.
पुढची पानं कोरी.
त्या साली घरात उंदीर पडला,
अकरा माणसं गावाबाहेर झोपड्यांत गेली,
परतली ती तीन.
चार आणे कुणी मागितले नाहीत.

आमच्याकडे मरीआईचा गाडा.
लिंबं, कोंबडं, हिरवं लुगडं घालून
रोगाला शिवेपलीकडे ढकलून यायचं.
पलीकडच्यांनी अजून पलीकडे.
हा बाबा निराळा.
याने स्वतःच्याच मांडीवर ठेवून घेतलं
आणि अंगरखा उचलून दाखवत राहिला,
बघा, इथं.

मी ताजी जखम रंगवायची.
तांबड्यात थेंबभर काळा, कडेला पिवळट, पुवासारखा.
बाई नाक मुरडायची, मग मान हलवायची.
पुढे वर्षभर बोळातली माणसं
येताजाता तिथं बोट लावायची.
बेकरीतला पोरगा, हाताला मैदा तसाच.
मुलाला घेऊन ससूनला निघालेली बाई.
रात्रपाळीचा रिक्षावाला कासम,
"आपलं काय जातंय" म्हणत.
पुढच्या जुलैपर्यंत रंग झिजून लाकूड वर यायचं.
"बघ," बाई म्हणायची, "बरा झाला."
आणि मी त्याला पुन्हा आजारी पाडायची,
पन्नास रुपयांत.

त्या साली पेठांच्या तोंडाशी बांबू बांधलेले.
बाई कुठून आली, कशी, विचारलं नाही.
तोंडावर मास्क, हातात पिवळे हातमोजे, भांडी घासायचे.
चादर सोडली.
जखम जशीच्या तशी.
मार्चपासून कुलूप, एक बोट लागलेलं नाही.
चकाकत होती.
"यात रंगवायचं काय?"
"काही नाही," बाई म्हणाली,
"बघवेना, म्हणून आणला."

मागे फळ्यांवर तीनशे गणपती, बिनडोळ्यांचे.
डोळे आखतो तो मोरू, माझा धाकटा भाऊ.
तो नायडूत. नववा दिवस.
फोन लावला की आधी खोकला,
मग "ठेव आता."

गिऱ्हाइकाच्या देवाकडे मागू नये,
अण्णा सांगायचे, हिशोब बिघडतो.
तीस वर्षं नाही मागितलं.
बाईला ते कळलं असावं.
तिनं पाठ फिरवली,
आणि गणपतींच्या पायाशी ठेवायचे उंदीर
उगाच मोजत बसली.

मी अंगठा टेकवला.
गार. गुळगुळीत. माझ्याच हातचं काम,
ऑइल पेंट, दोन हात दिलेले, चांगलं टिकावं म्हणून.
घासला.
अंगठा तापला तरी घासला.
काही निघेना, मी घासतेय.

"एकवीस," बाई तिकडे तोंड करूनच म्हणाली,
"एकाला शेपूट नाही."
मग उठली. जवळ आली.
हातमोजा ओढून काढला,
आतला हात पांढरा, सुरकुतलेला, ओला.

"सरक," म्हणाली.